खळ्यावर वेल्डिंग करताना



नांदेड-लातूर भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या राशीची एकच घाई असते. नेमकी अशा वेळी मळणी यंत्राची चाळणी फाटते, नाही तर एखादी पट्टी निखळते. यंत्र गावात न्यायला सवड नसते, म्हणून आपण वेल्डिंगवाल्यालाच खळ्यावर बोलावतो. एका बाजूला बनीम, दुसऱ्या बाजूला गुळीचा ढीग आणि मध्ये ठिणग्या!

वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. वरून काळी पडली तरी ती आत तापलेलीच असते. गुळीत शिरली की जाळ न होता धुमसत राहते आणि वारा लागला की भडकते. तोवर वेल्डिंगवाला घरी पोचलेला असतो, आपण जेवायला बसलेलो असतो.

कापसाचेही असेच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरच्या कापसाच्या गाठी धुमसू लागल्या. पाण्याचा मारा करूनही आगीचे मूळ हाती लागेना. त्याच जहाजात दारूगोळा होता. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. खरिपासाठी आपण अवजारे दुरुस्त करतो तेही याच दिवसांत, आणि बहुधा कडब्याच्या गंजीशेजारीच.

बनीम हलवता येत नाही, यंत्र हलवता येते. ट्रॅक्टर जोडून ते दूर न्या. कारखान्यांत ठिणगीपासून ३५ फुटांच्या आत पेट घेणारी वस्तू ठेवत नाहीत. उघड्या रानात वारा असतो, तेव्हा अंतर याहून जास्तच हवे. जागा वाऱ्याच्या दिशेने बनमीच्या पुढे निवडा, म्हणजे ठिणग्या तिच्याकडे उडणार नाहीत. चाळणीखालचा आणि पंख्यात साचलेला भुसा आधी झाडून काढा. जमिनीवर पाणी शिंपडा. आडोसा करायचा तर ओली तागाची पोती लावा, प्लॅस्टिकची ताडपत्री नको. पाण्याचे पिंप व बादल्या हाताशी ठेवा. मात्र पाणी मारण्यापूर्वी जनरेटर बंद करा. कटर-ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही हेच लागू आहे.

डिझेलचे रिकामे पिंप कापून हौद करण्याची आपल्याकडे हौस फार. आपण त्याला रिकामे म्हणतो, पण आत वाफ कोंडलेली असते आणि तिचा स्फोट होतो. तो हौद सिमेंटचाच बरा.

काम संपल्यावर वेल्डिंगवाल्याला जाऊ द्या, पण घरच्या एका माणसाने तासभर तिथेच बसावे. झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन पुन्हा एक चक्कर मारा. धुराचा वास आला तर ढिगावर नुसते वरून पाणी ओतू नका. पाणी मारत ढीग उपसा, आतपर्यंत भिजवा आणि लगेच १०१ ला फोन करा. तालुक्याहून बंब यायला वेळ लागतो.