विश्वचषक आणि भाड्याचे विमान
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी कित्येकांस हसू आले असेल. ज्याने उभा जन्म एस. टी.च्या गाडीने प्रवास केला आणि ज्याची मजल मॅट्रिकच्या पलीकडे गेली नाही, त्या प्राथमिक शिक्षकाने खाजगी विमानाविषयी बोलावे, हा विनोदच होय. तथापि या विषयाशी आमचा संबंध कसा आला, हे सांगितले म्हणजे आपण आम्हांस क्षमा कराल अशी आशा आहे.

सन २०२२ मध्ये २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळात कतार देशात फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. त्या वर्षीच्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी, आपल्याच एका सभासदाचा चिरंजीव, फराळास आला. व्यापारात त्याने स्वकष्टाने चांगले नाव मिळविले आहे. आठ मित्रांनी मिळून मुंबईहून विमान भाड्याने घ्यावयाचे, अंतिम सामना पाहावयाचा आणि त्याच रात्री परत यावयाचे, असा त्यांचा बेत होता. आमच्यापुढे कागद ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, शाळेच्या सहली तुम्ही कशा आखत होता, हे मी विसरलेलो नाही. एवढे डोळ्यांखालून घाला."

आम्ही म्हटले, "अरे, विमानातले आम्हांस काय कळते?" परंतु कागद वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की एस. टी.चा प्रासंगिक करार आणि विमानाचे चार्टर यांत आकड्यांचा फरक असला तरी जातीचा फरक नाही. सहलीच्या वेळी आगारात जाऊन आम्ही जे चार प्रश्न विचारीत असू, तेच चार आम्ही त्याला विचारले.

पहिला प्रश्न : गाडी कोणाची आणि तिला भाड्याने धावण्याचा परवाना आहे काय? आपल्या देशात जे विमान मालकाच्या खाजगी वापरासाठी नोंदलेले असते, ते पैसे घेऊन उतारूंना देता येत नाही. त्यासाठी चालविणाऱ्या कंपनीजवळ नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट असावे लागते. हा भेद केवळ कागदी नव्हे. परवान्यामागे विमानाची तपासणी, वैमानिकांचे प्रशिक्षण आणि विमा यांचे बंधन असते. दर स्वस्त दिसला की परवाना आधी पाहावा, हा नियम जीपलाही लागू आहे आणि जेटलाही.

दुसरा प्रश्न : गाडी उभी कोठे राहणार? सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होय, आणि तोच सर्वांत मागाहून सुचतो. मोठ्या सामन्याच्या दिवशी विमानतळावर उतरण्याची वेळ नेमून घ्यावी लागते. तिला स्लॉट म्हणतात. परंतु उतरण्यास मिळाले म्हणजे थांबण्यास मिळाले असे नव्हे. पुष्कळदा विमानाने उतारूंना सोडून दुसऱ्या गावच्या विमानतळावर जाऊन उभे राहावयाचे आणि नेमल्या वेळी परत यावयाचे असते. दोहा येथे हमद हा मोठा विमानतळ असताही स्पर्धेपुरता जुना विमानतळ पुन्हा उघडावा लागला. २०२४ साली अमेरिकेत लास व्हेगस येथे सुपर बोलचा सामना झाला, तेव्हा आसपासच्या विमानतळांवरील खाजगी विमानांच्या जागा सामन्यापूर्वीच भरून गेल्या होत्या.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचा दाखला दक्षिण आफ्रिकेत मिळाला. ७ जुलै २०१० रोजी डरबन येथे जर्मनी आणि स्पेन यांचा विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. तेथील किंग शाका विमानतळ त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालेला, म्हणजे अगदी नवा कोरा. त्या दिवशी खाजगी विमाने मोठ्या संख्येने आली आणि त्यांपैकी काही उतारूंना सोडून ठरल्याप्रमाणे हलली नाहीत. जागा अडली. तिकीट काढून नेहमीच्या विमानांनी निघालेले शेकडो प्रेक्षक आकाशात ताटकळले, काहींची विमाने माघारी वळली, आणि स्पेनने १-० असा जिंकलेला तो सामना त्यांना पाहावयास मिळाला नाही. विमानतळ चालविणाऱ्या कंपनीने पुढे दिलगिरी व्यक्त केली. परंतु हुकलेला सामना दिलगिरीने परत येत नाही. कितीएकांनी त्या एका दिवसासाठी किती काळ पैसा साठविला असेल, याची कल्पना आपण करावी. लग्नघरी एकाने दारातच मोटार उभी केल्यामुळे वऱ्हाडाची गाडी बाहेर तिष्ठत राहावी, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा प्रश्न : चालक झोपणार केव्हा? येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. अजिंठ्याच्या सहलीहून परतताना रात्री दहाच्या सुमारास आमच्या गाडीच्या चालकाने रस्त्यातील एका गावी गाडी थांबविली आणि सांगितले, "गुरुजी, पहाटेपासून चाकावर आहे. आता पुढे नेणार नाही." आम्ही त्याला नको ते बोललो. चाळीस मुले देवळाच्या ओवरीत निजविली. पहाटे उठून पाहतो तो घाटात दाट धुके! त्या माणसाचे उपकार मानण्याऐवजी आपण त्याचा अपमान केला, ही खंत आजही मनात आहे. वैमानिकाच्या कामाच्या तासांस कायद्यानेच मर्यादा घातलेली असते, आणि ती उतारूंच्या श्रीमंतीने वाढत नाही. म्हणून "सामना संपताच निघू" असा बेत आखणाऱ्याने फुटबॉलचे घड्याळ ध्यानात घ्यावे. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर आणखी तीस मिनिटे, आणि त्यावरही बरोबरी राहिली तर पेनल्टी! त्यापुढे बक्षीससमारंभ, गर्दी आणि रस्ता. वैमानिकांच्या विश्रांतीची सोय आधी करावी आणि त्यांच्या खोल्या आपल्या खोल्यांबरोबरच राखून ठेवाव्या.

चौथा प्रश्न : रिकाम्या फेऱ्याचे पैसे कोण देणार? विमान दुसऱ्या गावी उभे राहावयास गेले, तर ते जाणेयेणे रिकामेच. परंतु त्याचे तास भाड्यात धरले जातात. शिवाय उतरण्याची व थांबण्याची फी, आणि वाटेतील देशांवरून उडण्याच्या परवानग्यांचा खर्च. खाजगी विमान म्हणजे खाजगी सरहद्द नव्हे. पासपोर्ट, जकात आणि व्हिसा यांतून कोणीही सुटत नाही. कतारमध्ये तर प्रत्येक परदेशी प्रेक्षकास हय्या कार्ड काढावे लागले होते.

हे प्रश्न घेऊन आमचा विद्यार्थी दलालाकडे गेला. परवान्याचा क्रमांक विचारताच दलालाची वाणी मंदावली. थांबण्याच्या जागेविषयी विचारताच ती बंद झाली. दिलेल्या इसाऱ्यापैकी काही रक्कम पुष्कळ खेपा घातल्यावर परत मिळाली, काही बुडाली. अखेर आठही मित्र नेहमीच्या विमानाने दोन दिवस आधी गेले आणि एक दिवस मागाहून परतले. अंतिम सामना ३-३ असा बरोबरीत सुटून पेनल्टीवर अर्जेंटिनाने फ्रान्सवर ४-२ असा जिंकला, हे आपणांस ठाऊकच आहे. परत आल्यावर तो हसून म्हणाला, "गुरुजी, पेनल्टी सुरू झाली तेव्हा माझ्या मनात सामना होता, वैमानिकाचे घड्याळ नव्हते."

तथापि व्यवस्था चोख असली म्हणजे प्रश्न मिटला, असे आम्ही म्हणत नाही. कतारच्या त्या स्पर्धेसाठी १,८०० हून अधिक खाजगी विमानफेऱ्या झाल्याची गणना संशोधकांनी पुढे प्रसिद्ध केली. नेहमीच्या विमानाच्या तुलनेने अशा विमानात माणशी पाच ते चौदा पट अधिक कर्बवायू हवेत जातो. मुंबईहून दोह्याचे अंतर जेमतेम २,३०० किलोमीटर, आणि नेहमीची विमाने रोजची. ज्यास खरोखरच निकड आहे त्याने अवश्य जावे. परंतु केवळ ऐट म्हणून जाणाऱ्याने हा हिशेबही त्याच कागदावर मांडावा.

जाता जाता आणखी एका प्रवासाचे स्मरण करून देतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा प्रवासखर्चासाठी दारोदार मदत मागावी लागली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! क्रीडांगणाकडे जाणारा प्रेक्षकाचा मार्ग आणि खेळाडूचा मार्ग यांत किती अंतर असते, हे यावरून दिसते.

आमच्या त्या विद्यार्थ्याने परत मिळालेला इसारा या वर्षी मंडळाकडे सुपूर्द केला आहे. त्यातून राज्य व राष्ट्रीय स्पर्धांस जाणाऱ्या मुलामुलींच्या प्रवासखर्चासाठी निधी काढावा, अशी आमची सूचना आहे. मूल आपल्या ज्ञातीचेच असावे, अशी अट मात्र कृपा करून घालू नये. खर्डेकरांनी घर गहाण ठेवताना खाशाबांचा खेळच पाहिला होता.

 सूचनेस अनुमोदन द्यावे, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.