काम कोठवर आले?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या विषयावर बोलण्यासाठी मला उभे केले आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटत असेल. मी मराठी व इतिहास शिकविणारा शिक्षक. परंतु शाळेत संगणकाची खोली झाली त्या वर्षी शिक्षकवर्गात वयाने सर्वांत लहान मी होतो. म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली आणि किल्लीपाठोपाठ खोलीच्या सगळ्या तक्रारीही आल्या. तेव्हा मी जे काही सांगणार आहे ते तज्ज्ञाचे मत समजू नये. सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका साध्या माणसाचे ते अनुभवाचे बोल आहेत.

माझा प्रश्न असा : सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने ते वापरणाऱ्यांना 'काम कोठवर आले' हे किती दिवसांनी सांगत जावे? रोज, आठवड्याने, महिन्याने, की काम पुरे झाल्यावर एकदाच? आपली बरीच मुले आज या व्यवसायात आहेत आणि आणखी पुष्कळ जाणार आहेत. राहिलेले आपण सर्व त्यांचे गिऱ्हाईक आहोत. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, मुलांचा निकाल हे सारे आता सॉफ्टवेअरवरच चालते. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी आपला आहे.

प्रथम घरचीच हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमची निकालपत्रके हाताने लिहिली जात. वर्गशिक्षक रात्र रात्र बेरजा करीत, आणि एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या ओळीत जाण्याचे प्रकारही घडत. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने संगणकशास्त्राची पदवी घेतली होती. गुण भरण्याचे व निकाल तयार करण्याचे सॉफ्टवेअर करून देण्याचे त्याने जूनमध्ये कबूल केले. शाळेने थोडी रक्कम आगाऊ दिली. 'दिवाळीपूर्वी देतो, सर,' असा त्याचा वायदा होता. जुलैत तो दोनदा येऊन गेला. ऑगस्टपासून मात्र त्याचे येणे बंद झाले. फोन केला की 'झालंच आहे, सर, थोडंसं राहिलंय,' एवढेच उत्तर मिळे. पुढे तो फोनही उचलीनासा झाला. दिवाळी आली आणि गेली. पहिल्या सत्राचे निकाल आम्ही पुन्हा हातानेच लिहिले. शिक्षकांच्या खोलीत जे बोलले गेले ते येथे सांगण्यासारखे नाही. मुलाचे वडील शिंपीकाम करतात. एका लग्नात चार माणसांदेखत आमच्यापैकी एकाने त्या आगाऊ रकमेवरून त्यांना टोमणा मारला, आणि ते न जेवताच घरी परतले.

हे कानावर आले तेव्हा मला राहवले नाही. मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा खाली मान घालून बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने संगणक उघडून दाखविला. पाहतो तो काय, बहुतेक काम झालेले! गुण भरणे, बेरीज, श्रेणी, सर्व व्यवस्थित होते. घोडे अडले होते एकाच ठिकाणी. मुलाचे नाव मराठी व उर्दू अशा दोन्ही लिपींत यावे, असे आम्ही सुरुवातीला सहज म्हणून गेलो होतो. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. दोन्ही एका ओळीत आल्या की त्याचे रकाने आणि आकडे उलटसुलट होत. या एका गोष्टीत त्याचे तीन महिने गेले होते, आणि 'जमत नाही' हे सांगण्याची शरम वाटल्यामुळे तो आम्हाला तोंड चुकवीत होता.

मी म्हणालो, "अरे बाबा, उर्दू नाव आम्हाला प्रगतिपुस्तकाच्या पहिल्या पानावर तेवढे हवे आहे. निकालपत्रकात मराठी नाव असले तरी पुरे."

त्याने वर पाहिले. म्हणाला, "सर, हे ऑगस्टमध्येच कळलं असतं तर?"

मी म्हणालो, "तू ऑगस्टमध्ये विचारलं असतंस तर?"

त्याचे वडील शेजारीच सदऱ्याला काजे करीत बसले होते. ते म्हणाले, "सर, आमच्या धंद्यात ईदच्या आधी गिऱ्हाईक विचारायला आलं की आम्ही सांगतो, काज-बटण तेवढं राहिलंय. खरं म्हणजे कापड अजून कापलेलंही नसतं. याचं उलटंच झालं बघा. कपडा शिवून तयार, आणि सांगायला तोंड नाही."

मित्रहो, त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. कामाची खबर द्यायची ती केवळ गिऱ्हाइकाला धीर यावा म्हणून, असे आपण समजतो. परंतु अडलेल्या कामाची किल्ली पुष्कळदा गिऱ्हाइकाच्याच खिशात असते, आणि खबर मिळाल्याशिवाय तो खिशात हात घालीत नाही. दुसरी गोष्ट अशी की, खबर नसली म्हणजे मनुष्याचे मन रिकामे राहत नाही. तेथे संशय येऊन बसतो. आमच्या शाळेतील सुशिक्षित माणसांनी एका प्रामाणिक मुलाला लबाड ठरविले, यात त्याची जेवढी चूक तेवढीच आमचीही होती.

आता जरा बाहेरच्या जगाकडे पाहू. मोठमोठ्या ठिकाणीही हेच घडत असते.

इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड या गावी 'हॅलो गेम्स' नावाची एक लहान कंपनी आहे. तिचा 'नो मॅन्स स्काय' हा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला. आपल्या मुलांपैकी काहींना तो ठाऊक असेल. खेळ येण्यापूर्वी त्याची वर्णने फार झाली होती. प्रत्यक्ष हाती आल्यावर सांगितलेल्यापैकी काही गोष्टी त्यात आढळल्या नाहीत आणि लोक खवळले. त्यावर कंपनीने जवळजवळ मौनच धरले. जाहिरातीविषयीच्या तक्रारी तेथील जाहिरात-नियमन संस्थेपर्यंत गेल्या. संस्थेने कंपनीला दोषी धरले नाही, पण लोकांच्या मनातून उतरलेले नाव केवळ निकालाने परत येत नसते. वास्तविक त्या मौनाच्या काळात कंपनीचे लोक काम करीतच होते. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस पहिली मोठी सुधारणा आली, जुलै २०१८ मध्ये त्याहून मोठी आली, आणि त्यासाठी जुन्या गिऱ्हाइकांकडून जादा पैसे घेतले नाहीत. हळूहळू नाव परत आले. येथे दोन चुका झालेल्या दिसतात. जे झाले नव्हते त्याविषयी आधी फार बोलणे झाले, आणि जे होत होते त्याविषयी नंतर काहीच बोलणे झाले नाही.

याच्या उलट उदाहरण चेक प्रजासत्ताकातील प्राग शहरातले आहे. तेथील 'वुब सॉफ्टवेअर' ही कंपनी 'फॅक्टोरिओ' नावाचा खेळ तयार करीत होती. सप्टेंबर २०१३ पासून तिने दर शुक्रवारी कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. काय झाले, काय बिघडले, कोणती कल्पना टाकून दिली, हे सारे त्यात असे. १४ ऑगस्ट २०२० रोजी खेळाची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हा त्या वृत्तान्ताचा क्रमांक ३६० होता! सात वर्षे काम चालले, पण शुक्रवार आला की खबर येई. पुढे २०२१ मध्ये त्यांनी एका मोठ्या पुरवणीचे काम हाती घेतले. ते बरेचसे आकाराला येईपर्यंत आम्ही तपशील सांगणार नाही, असे त्यांनी आधीच जाहीर केले. ऑगस्ट २०२३ मध्ये शुक्रवारचे वृत्तान्त पुन्हा सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुरवणी बाहेर पडली. म्हणजे गप्प राहण्यातही हरकत नाही, पण गप्प राहणार हे सांगून गप्प राहावे.

तिसरे उदाहरण 'उबुंटू'चे. ही संगणक चालविणारी मूळ प्रणाली असून ती फुकट मिळते. ऑक्टोबर २००४ पासून तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिलमध्ये व ऑक्टोबरमध्ये, काढण्याची रीत आहे. आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. पहिलीचा क्रमांक ४.१०, म्हणजे २००४ सालचा दहावा महिना. २००६ च्या एप्रिलमध्ये यावयाची आवृत्ती अधिक पक्की व्हावी म्हणून सहा आठवडे लांबणीवर टाकण्यात आली. हे लोकांना आधी सांगितले गेले. ती जूनमध्ये आली आणि तिला क्रमांक मिळाला ६.०६. झालेला उशीर असा नावावरच कोरला गेला, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही.

चौथे उदाहरण संकटकाळाचे आहे. 'गिटलॅब' ही कंपनी हजारो लोकांची संगणकीय कामे आपल्याकडे सांभाळून ठेवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकून मुख्य साठाच पुसला गेला. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने काय केले? चूक झाल्याचे त्याच दिवशी सांगितले, दुरुस्तीची टिपणे जशी लिहिली जात होती तशी सर्वांना वाचावयास खुली ठेवली, आणि दुरुस्तीचे काम इंटरनेटवर थेट दाखविले. नुकसान झालेच, पण आपले काय झाले हे कोणाला अंदाजाने ठरवावे लागले नाही.

तर मग किती दिवसांनी सांगावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे आहे. चालू असलेली वस्तू बंद पडली आणि लोक खोळंबले असतील, तर तासातासाने सांगावे. वस्तू तयार होत असेल आणि तिची वाट पाहणारे ठराविक लोक असतील, तर आठवड्याने किंवा पंधरवड्याने सांगावे. वस्तू तयार होऊन सुरळीत चालली असेल, तर बदल करण्यापूर्वी व केल्यानंतर सांगितले म्हणजे पुरे. परंतु या तिन्हींहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वार ठरलेला असावा आणि तो पाळला जावा. महिन्यातून एकदा पण नेमाने येणारी खबर ही आज तीन आणि मग दोन महिने शून्य अशा खबरींपेक्षा केव्हाही बरी. म्हणून जेवढे पाळता येईल तेवढेच कबूल करावे.

रोज सांगण्याचा हट्टही बरा नव्हे. रोज चार निरोप आले की पाचव्या दिवशी कोणी वाचीत नाही, हे आपल्या व्हॉट्सॲपवरील पालकगटात आपण पाहतोच. शिवाय सांगण्यातच दिवस गेला तर काम केव्हा करावयाचे? प्रगतिपुस्तक आपण रोज घरी पाठवीत नाही. पण वर्षाच्या शेवटी एकदाच पाठविले, तर नापास झालेल्या मुलाच्या बापाने काय करावे? सत्रामागून सत्र ते पाठवायचे ते एवढ्यासाठीच की, काही करता येण्यासारखे आहे तोवर कळावे.

आमच्या त्या विद्यार्थ्याशी आम्ही पुढे अशीच व्यवस्था ठरविली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्याने एका कागदावर चार ओळी लिहून द्यावयाच्या : काय झाले, काय अडले, पुढे काय करणार, आणि शाळेकडून काय हवे. एका शनिवारी त्याने लिहिले, 'या आठवड्यात काहीही झाले नाही. आई आजारी होती.' तो कागद वाचून कोणी रागावले नाही. उलट दोन शिक्षक त्याच्या घरी विचारपूस करून आले. एप्रिलमध्ये एक वर्ग सोडून सर्व वर्गांचे निकाल त्या सॉफ्टवेअरवर तयार झाले. राहिलेल्या एका वर्गाचा निकाल हाताने लिहावा लागेल हे आम्हाला मार्चमध्येच ठाऊक होते, त्यामुळे धावपळ झाली नाही. आणि ज्यांनी लग्नात टोमणा मारला होता, ते गृहस्थ स्वतः शिंप्याच्या दुकानी जाऊन माफी मागून आले.

पालकांना माझी विनंती आहे की, खबर देणाऱ्याला खबरीची शिक्षा करू नका. 'झाले नाही' असे सांगणाऱ्यावर आपण ओरडलो, तर पुढच्या वेळी तो 'काज-बटण राहिलंय' असेच सांगेल. सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच घरात चाचणीचे गुण लपविणाऱ्या मुलाच्या बाबतीतही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे या व्यवसायात जातील त्यांना संगणकाच्या भाषा शिकविणारे पुष्कळ भेटतील. परंतु 'सर, निम्माच गृहपाठ झाला आहे, पाचवे उदाहरण अडले आहे' हे वाक्य वेळेवर उच्चारण्याची सवय येथेच, या बाकांवर लागली पाहिजे. उद्या तुमच्या कामाची वाट पाहणारे कोणीतरी असेल. त्याला वार ठरवून द्या आणि त्या वारी, हातात काही असो वा नसो, त्याच्यासमोर उभे राहा.