पूर्वज नसलेली वही

कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने संगणकाच्या भाषेवर का बोलावे, असे कित्येकांस वाटेल. पण सभासदांची यादी हा आमचा रोजचा विषय, आणि ती यादी आज संगणकात असते. यादीत कोण आहे नि कोण नाही, यावर माणसाचे मत आणि वेतन अवलंबून असते.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. तिच्यातला ऑब्जेक्ट नोंदवहीसारखा वापरतात. नाव विचारले की त्यापुढची नोंद मिळते. परंतु साध्या ऑब्जेक्टला एक पूर्वज असतो. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. नाव वहीत सापडले नाही, तर शोध पूर्वजाकडे जातो. म्हणून अगदी कोऱ्या वहीलाही ‘कन्स्ट्रक्टर’ हे नाव विचारा, उत्तर येते! मस्टरवर नसलेल्या माणसाचा पगार निघावा, तसाच हा प्रकार.

याहून मोठा धोका आहे. बाहेरून आलेला मजकूर न तपासता वहीत मिसळला, तर कोणी लबाड थेट पूर्वजातच नोंद घुसवू शकतो. मग ‘हा व्यवस्थापक आहे’ ही एक खोटी ओळ साऱ्या वह्यांत दिसू लागते. लोडॅश या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचातला असा दोष २०१९ साली दुरुस्त करावा लागला.

यावर उपाय कोणता? २००९ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘ऑब्जेक्ट.क्रिएट’ आले. त्याला ‘नल’ दिले, की पूर्वज नसलेली वही मिळते. जे तिच्यात लिहाल, तेवढेच तिच्यात असते.

मग ती सदासर्वदा वापरावी काय? नाही. नाव, वय, पगार असे रकाने आपणच आखलेले असतील, तर साधा ऑब्जेक्ट पुरे. पण नोंदींची नावे बाहेरची माणसे देणार असतील, तेथे पूर्वज नकोच. तिची अडचणही ध्यानात ठेवा: ‘टूस्ट्रिंग’सारखी वारशाची हत्यारे तिच्याजवळ नसतात, म्हणून ती मजकुराला जोडू गेल्यास काम अडते. नोंदी सतत वाढत-घटत असतील, तर २०१५ साली आलेला ‘मॅप’ अधिक सोयीचा.

वारसा वाईट नव्हे. मात्र हजेरी घेताना वाडवडिलांना हजर धरू नये, एवढेच माझे सांगणे आहे.