चित्रदालन आणि रद्दीचे दुकान



परगावी गेलो म्हणजे दोन ठिकाणे मी सहसा चुकवीत नाही. चित्रांचे प्रदर्शन भरले असेल तर ते, आणि जुन्या बाजारातील रद्दीचे दुकान. पहिल्या छंदाला लोक रसिकता म्हणतात व दुसऱ्याला विक्षिप्तपणा. माझ्या अनुभवाने मात्र या दोहोंपैकी एक दुसऱ्यावाचून अपुरा आहे. तो अनुभव आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचेच उदाहरण घेऊ. बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात त्यांची मूळ तैलचित्रे आहेत. त्यांच्यापुढे उभे राहिले म्हणजे छापील प्रतीत न उतरणाऱ्या कितीतरी गोष्टी डोळ्यांत भरतात: जरीच्या काठावरील रंगाचा थर, सावलीत मिसळत गेलेल्या छटा, आणि मुख्य म्हणजे चित्राचा खरा आकार. चित्रकाराला काय साधावयाचे होते हे मूळ चित्रच सांगू शकते. म्हणूनच प्रदर्शनाला जाण्याचा आळस करू नये.

परंतु देशातील सामान्य माणसाने रविवर्मा पाहिला तो दालनात नव्हे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविलेल्या छापखान्यातून ही चित्रे घरोघर पोचली. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करून, त्याच कागदावर ठसे एकावर एक नेमके उतरवून ती छापली जात. यथावकाश तो छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. चित्रे कॅलेंडरांवर आणि जाहिरातींवर आली. माझ्या संग्रहातील एका लक्ष्मीच्या चित्रात कोणा अनामिक गृहिणीने लुगड्यावर खरे कापड चिकटविले आहे आणि दागिन्यांवर टिकल्या बसविल्या आहेत. त्या चित्राचे घरात काय स्थान होते, हे मला या टिकल्यांनी सांगितले.

हीच गोष्ट मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ठाणांवरील रंगीत छापांची. ज्याला अक्षरओळख नव्हती तो गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखी. म्हणून परदेशी गिरण्यांनी आपल्या देवदेवतांना आपल्या मालावर बसविले. काडेपेट्यांवरही तेच. प्रथम स्वीडन व जपानमधून आलेल्या पेट्या, आणि १९२० नंतरच्या दशकात उभा राहिलेला शिवकाशीचा उद्योग, असा एका व्यापाराचा इतिहास तळहाताएवढ्या कागदांतून उलगडतो.

हे कागद मुळात टिकावेत म्हणून छापलेलेच नव्हते. काडी संपली की पेटी गेली, वर्ष सरले की कॅलेंडर गेले. खेद वाटतो तो जेथे जतन व्हावयाचे तेथेही नाश होतो याचा. एका जुन्या ग्रंथालयात मी एका मासिकाचे बांधीव खंड चाळले. बांधणीच्या वेळी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली होती. लेख सुरक्षित होते. पण ते वाचणारी माणसे कोणते तेल लावीत, कोणते औषध घेत, कोणत्या नाटकाला जात, हे सांगणारी पाने रद्दीत गेली होती. लेख पुढे पुस्तकरूपाने मिळू शकतात. त्या पानांची दुसरी प्रत कोठे शोधावयाची?

ज्यांना संग्रह करावयाचा आहे त्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. कागद कोठे, केव्हा व कोणाकडून मिळाला याची नोंद पेन्सिलीने करून त्याच्यासोबत ठेवावी. ठावठिकाणा हरवलेले चित्र निम्मे मुके होते. तसेच फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडू नये. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वतःतील आम्लानेच पिवळा व ठिसूळ होतो. चिकटपट्टीचा डिंक त्यात न निघणाऱ्या डागाची भर घालतो. आम्लरहित कागदाचे साधे पाकीट आणि अंधारी, कोरडी जागा पुरेशी असते.

आणि येथे उपस्थित असलेल्या ग्रंथपालांना माझी एकच विनंती आहे. यापुढे मासिकांचे अंक बांधणीस देताना मुखपृष्ठासह, जाहिरातींसह, संपूर्ण द्यावेत. खंड बोटभर जाड होईल, बांधणीला चार पैसे अधिक पडतील; पण शंभर वर्षांनी येणाऱ्या वाचकाला आपण कसे जगलो हे त्याच पानांतून समजणार आहे.