आईचा रविवार

(हा एपिसोड जसा बोललो तसाच, थोडी काटछाट करून इथे लिहिला आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा. वाचायलाही वेळ नसेल, तर हा एपिसोड तुमच्यासाठीच आहे.)



आत्ता शनिवारची रात्र आहे, साडेदहा वाजलेत. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मधेमधे पत्र्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या. तुमच्यापैकी कुणी हे बसमध्ये ऐकत असेल, कुणी भांडी घासताना, कुणी झोप येत नाही म्हणून. कुणी दीडपट स्पीडवर ऐकत असेल. हो, मला माहीत आहे. मीही तसंच ऐकतो. आज विषय आहे विश्रांती, आणि विश्रांतीवरचा एपिसोडसुद्धा आपण दीडपट स्पीडने उरकतो, यातच बरंच काही आलं.

सुरुवात माझ्यापासून करतो.

मागच्या वर्षी पावसाळ्यात माझं असं चालू होतं : सोमवार ते शुक्रवार ऑफिस, तेही सपोर्टचं काम, म्हणजे कस्टमरचा फोन कधीही. शनिवारी तरुण संघाची मीटिंग आणि गाण्याची प्रॅक्टिस. रविवारी सकाळी संडेस्कूल, मग उपासनेत गिटार, मग कुणाकडे तरी प्रार्थना. लोक म्हणायचे, "पोरगा किती धडपड्या आहे!" मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका रविवारी संडेस्कूलमध्ये मी मुलांना म्हणालो, "चला, डोळे मिटा, हात जोडा." मुलांनी मिटले. मी प्रार्थना सुरू केली आणि प्रार्थना करता करता मांडीवरच्या फोनवर ऑफिसच्या ग्रुपला उत्तर टाइप केलं. 'ओके सर, चेक करतो.' तोंडाने देवाशी बोलत होतो, अंगठ्याने सरांशी. आमेन म्हटलं. पहिल्या रांगेतला एक सात वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "दादा, तुम्ही डोळे उघडे ठेवून प्रार्थना करता का?"

मी हसून विषय बदलला. पण ते वाक्य आठवडाभर माझ्या मागे होतं. मला कळलं की मी थकलोय, आणि नुसतं शरीराने नाही. देवाचं काम करत होतो, पण देवाजवळ बसलो होतो कधी, ते आठवेना.

तेव्हा मी बायबलमधली एलीयाची गोष्ट पुन्हा वाचली. १ राजे, अध्याय १९. संडेस्कूलमध्ये आपण एलीया म्हटलं की कार्मेल डोंगर शिकवतो, आकाशातून पडलेला अग्नी शिकवतो. त्याच्या पुढचा अध्याय मुलांना फारसा सांगत नाही. एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, रानात जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे, मला मरू दे.

आणि देव काय करतो? आपल्याला वाटेल, देव त्याला रागावेल, विश्वास कुठे गेला तुझा म्हणून विचारेल. तसं काही होत नाही. एलीया झोपतो. एक देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो! देवदूत परत येतो, परत खायला सांगतो, कारण पुढचा प्रवास त्याला झेपणारा नाही. मग तो होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालतो. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्याला तिथे गेल्यावर येतो. आधी झोप, मग भाकर, मग पुन्हा झोप, आणि त्यानंतर प्रश्न.

हे वाचून मी ठरवलं, आपणही आता शब्बाथ पाळायचा. उपासनेहून आलो की फोन बंद, काही करायचं नाही. घरी जाहीर केलं, "आई, आजपासून रविवारी मी काही म्हणजे काही करणार नाही. विश्रांतीचा दिवस."

आई म्हणाली, "बरं बाळा. मग चहा आणून देऊ?"

मी म्हटलं, "दे."

इथे थोडं थांबतो, कारण माझी चूक याच चहात आहे. ती मला कळायला तीन आठवडे लागले.

आज्ञा आपल्या सगळ्यांना पाठ असते, शब्बाथ दिवस पवित्र पाळ. पण ही आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी येते आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलंय. निर्गम २० मध्ये कारण आहे सृष्टीचं. देवाने सहा दिवसांत सगळं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. आता एक गंमत बघा. माणूस निर्माण झाला सहाव्या दिवशी, म्हणजे माणसाच्या आयुष्याचा पहिला पूर्ण दिवस कोणता? सातवा. सुट्टीचा! त्याने अजून काहीच केलं नव्हतं, आणि देवाने त्याला आधी विसाव्यात सामील करून घेतलं. आपण म्हणतो, काम संपलं की आराम. तिथे आराम आधी आहे, काम नंतर.

दुसरं ठिकाण अनुवाद ५. तिथे कारण आहे गुलामगिरीचं. तुम्ही मिसर देशात गुलाम होता हे आठवा, असं तिथे सांगितलंय. हे समजायला निर्गमचा पाचवा अध्याय वाचा. इस्राएल लोक विटा पाडत होते. मोशे फारो राजाला म्हणतो, लोकांना देवाची उपासना करायला जाऊ दे. फारोचं उत्तर काय? हे लोक आळशी झालेत. आजपासून यांना पेंढा द्यायचा नाही. पेंढा स्वतः गोळा करा, आणि विटा मात्र तेवढ्याच पाहिजेत.

हा फारो तुम्ही ऐकलाय की नाही? माझ्या तर डोक्यात बसलाय. रविवारी दहा मिनिटं खुर्चीत बसलो की आतून आवाज येतो, "आळशी. बाकीचे कोर्स करतायत, रील बनवतायत, तू काय करतोस?" तो आवाज देवाचा नाही. तो विटा मोजणाऱ्याचा आहे.

आणि हे फक्त मिसरमधलं नाही. आपल्या मुंबईत एकोणिसाव्या शतकात गिरणी कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबायचे, आठवड्याची सुट्टी नाही. साहेबाला रविवारी चर्चला जायला सुट्टी, गिरणीतल्या माणसाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, 'दीनबंधु'मधून लिहिलं, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. रविवार हा खंडोबाचाही वार. पण अनुवाद ५ वाचताना मला त्यांची आठवण येते. आपण ज्या रविवारी निवांत चर्चला जातो, तो रविवार इथल्या कामकरी माणसांना मागून, भांडून मिळालाय.

आता त्या चहाकडे येतो. अनुवाद ५ मधली ती आज्ञा नीट वाचली तर त्यात एक यादी आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, तुझा दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका. का? तर तुझ्यासारखीच त्यांनाही विश्रांती मिळावी म्हणून. *तुझ्यासारखीच.* तिसऱ्या रविवारी मी पलंगावर पडून हे वाचत होतो आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

आमच्या घरी रविवार म्हणजे आईसाठी पहाटे पाचला उठणं. चर्चला जायच्या आधी वाटण करून ठेवायचं. आल्या आल्या साडी न बदलता रस्सा फोडणीला टाकायचा. दोन-चार पाहुणे असतातच. जेवणं झाली की सगळे आडवे, आणि आई मोरीपाशी. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस तिचा कोणता, तर रविवार. आणि मी त्या दिवशी तिच्याच हातचा चहा पीत शब्बाथ पाळत होतो! गाढवालासुद्धा सुट्टी देणारी आज्ञा माझ्या घरात आईपर्यंत पोचली नव्हती.

मी उठलो आणि भांडी घासायला लागलो. फार थोर काही केलं नाही, एक कढई तर तिने नंतर पुन्हा घासली. पुढच्या रविवारी पप्पा आणि मी खिचडी केली. खालून लागली. आईला सांगितलं, तू फक्त बस. ती दहा मिनिटं बसली, मग उठून दारात आली आणि म्हणाली, "मला बसवत नाही रे."

हे वाक्य मला फार लागलं. तीस वर्षांत तिला बसायची सवयच राहिली नव्हती.

मित्रांनो, हळू होणं हे एकट्याचं काम नाही, एवढंच मला आज सांगायचंय. माझी विश्रांती दुसऱ्या कुणाच्या पाठीवर उभी असेल, तर मीच छोटा फारो झालो.

मग करायचं काय? मी जे करून पाहतोय ते सांगतो.

एक, सुरुवात संध्याकाळी करा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. मी शनिवारी रात्री फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवतो आणि झोपायला जातो. हा एपिसोड रेकॉर्ड झाला की आजही तिथेच जाणार आहे.

दोन, तुमच्या विसाव्याच्या दिवशी आणखी एका माणसाला सोडवा. आईला, वहिनीला, धुणंभांडी करणाऱ्या मावशींना पगारी सुट्टी द्या. रविवारी रात्री अकराला दहा मिनिटांत आइस्क्रीम नाही आलं तरी चालतं. तो आणणारा मुलगाही त्या यादीत आहे.

तीन, ज्यांना रविवार मिळतच नाही त्यांच्यासाठी. नर्स, वॉचमन, डिलिव्हरीवाले, लहान बाळांच्या आया. तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलासुद्धा सवड नव्हती. येशू त्यांना म्हणाला, चला, एकांतात थोडा विसावा घ्या. ते होडीतून निघाले, आणि लोक पायी पळत त्यांच्या आधी तिथे पोचले! सुट्टीचा बेत फसला. येशूला लोकांचा कळवळा आला, त्याने त्यांना शिकवलं, जेवू घातलं. पण त्याच संध्याकाळी त्याने शिष्यांना पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. दिवस हुकला तरी तास मिळू शकतो. तास नाही तर पंधरा मिनिटं.

आणि एक महत्त्वाचं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. तो विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही. एलीयालाही आधी भाकर आणि झोपच लागली.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगून थांबतो. रविवारी दुपारी भांडी आवरून बाहेर आलो तर आई खुर्चीत झोपली होती. चष्मा डोळ्यांवर, बायबल मांडीवर उघडं. पंखा कमी होता, मी एकने वाढवला. तिला उठवलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आज आमच्या घरी शब्बाथ झाला.

चला, आता एक मिनिट काही न बोलता बसू या. फॉरवर्ड करू नका.

(इथे एपिसोडमध्ये एक मिनिट शांतता आहे. वाचणाऱ्यांनीही फोन बाजूला ठेवा.)

प्रभू येशू, वादळात होडीमध्ये उशीवर डोकं ठेवून तू झोपलास. आम्हालाही तसं निर्धास्त झोपायला शिकव. आणि आमच्यामुळे ज्यांची झोप उडालीय, त्यांना ती परत देण्याची बुद्धी दे. आमेन.

मित्रांनो, आवडलं तर शेअर करा, पण आज नको, सोमवारी करा. आज फोन पिठाच्या डब्यावर. शुभ रात्री.