नळ, बंब आणि मोटार
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. घरसंसार एवढाच माझा व्याप. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही घरचा नळ स्वतः दुरुस्त करता, मोटार उघडता, तेच सांगा. लाडू वळायला सगळ्यांनाच येतात." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा भाचा इंग्लंडात नोकरीस आहे. तिकडे जुने कालवे आहेत. पूर्वी त्यांतून कोळसा नेत, आता पुष्कळ माणसे त्या कालव्यांत नावेतच घर करून राहतात. भाच्याच्या ओळखीचे एक जोडपे असे राहते. त्याने त्यांची नाव मला फोनवर फिरवून दाखविली. रुंदी जेमतेम सात फूट, कारण कालव्याचे दरवाजेच तेवढे अरुंद. लांबी मात्र पन्नास-साठ फूट. तेवढ्यात पाण्याची टाकी, पंप, नळ, न्हाणी, गॅस, ऊब देणारी शेगडी आणि मागे डिझेलचे इंजिन. इंजिनाला थंड ठेवणारे पाणी फिरून फिरून तापते. त्याची नळी टाकीतून नेऊन त्यावरच अंघोळीचे पाणी गरम करतात. हिवाळ्यात नाव बंद ठेवायची असेल तर नळ्यांतले सारे पाणी आधी काढून टाकतात, नाहीतर ते गोठून नळ्या फुटतात. मी भाच्याला म्हटले, "त्यांना विचार, बिघाड झाला तर मिस्त्री कुठून येतो?" ती बाई हसली आणि म्हणाली, "बहुतेक वेळा मिस्त्री मीच."

मला त्या बाईचे कौतुक वाटले, आणि आपल्या घरांचा विचार मनात आला. आपली घरे जमिनीवर आहेत खरी. पण टाकी, नळ, गॅस, गरम पाणी, मोटार हे सारे आपल्याही घरात आहे. बिघाड होतो तो दुपारी अकरा-बाराला, घरातले पुरुष कामावर गेलेले असताना. तेव्हा घरात असते ती बाई. तिला काय ठाऊक असते? नळ सोडणे, गॅस पेटविणे, मोटारीचे बटन दाबणे. उघडणे आपल्याला सगळे येते. बंद करणे येते का, एवढेच मला आज विचारायचे आहे.

हे मला माझ्या वडिलांनी लहानपणीच सांगितले होते. माझे माहेर करवीर तालुक्यातच, नदीकाठी. उसाला पाणी देण्यासाठी वडिलांनी डिझेलचे इंजिन घेतले होते. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी इंजिने आणि त्यांचे सुटे भाग घडत आले आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. हँडल मारून इंजिन सुरू करायची मला फार हौस. वडील म्हणाले, "आधी बंद कसे करायचे ते दाखव, मग हँडलाला हात लाव." डिझेल तोडायचा दांडा कुठला, तो किती ओढायचा, हे चार दिवस माझ्याकडून घोकून घेतले. मग हँडल धरायला शिकविले. अंगठा हँडलाभोवती वळवायचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते. त्या वेळी मला हा नुसता जाच वाटला. लग्न होऊन शहरात आले आणि सगळे विसरले.

ते आठवले २०१७ च्या थंडीत. आमच्या न्हाणीत गॅसवरचा गीझर होता. न्हाणी लहान, खिडकी एकच, आणि थंडी वाजते म्हणून तीही लावलेली. धाकटी लेक अंघोळीला गेली. पाण्याचा आवाज येत होता, पण हाक मारली तर उत्तर नाही. दार ठोठावले, ढकलले, शेवटी शेजारच्या वहिनींनी आणि मी मिळून कडी मोडली. पोर जमिनीवर पडलेली. मी तिला धरून नुसती रडत होते. गीझर तसाच जळत होता. तो कुठे बंद होतो हे मला ठाऊक नव्हते. वहिनींनी टाकीचा रेग्युलेटर बंद केला, आम्ही पोरीला ओढून अंगणात आणले आणि तसेच दवाखान्यात नेले. तिथे प्राणवायू लावला. देवाची कृपा, लेक वाचली. आज ती कॉलेज संपवून नोकरी करते आहे. पण ते दार उघडायला अजून थोडा उशीर झाला असता तर मी आज इथे उभी नसते.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते तुम्हालाही सांगते. कोंडलेल्या जागेत गॅस, कोळसा किंवा लाकूड जळले की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायातले बळ जाते. दार उघडावे असे मनात येते, पण उठवत नाही. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि त्याचा धूर नळीने बाहेर जावा. तसे जमत नसेल तर बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, खिडकी-दार उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला बसावे. खिडकी कधीही पूर्ण लावू नये.

आणि बायांनो, बाळंतिणीची शेगडी! निखारे फुलवून खोलीची दारेखिडक्या लावून घ्यायची आपली जुनी रीत. विष तेच. आई आणि तान्हे मूल दोघेही त्या खोलीत. शेक द्यायचा तर दार उघडे ठेवून द्या, आणि शेक झाला की शेगडी बाहेर काढा. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. त्या नावेवरच्या लोकांना हा धोका पक्का ठाऊक आहे. तिथे अशा राहत्या नावेत या वायूची घंटा बसविणे २०१९ पासून सक्तीचे आहे. तशी घंटा आपल्याकडेही विकत मिळते.

स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट वेगळी. त्याला मुद्दाम घाण वास घातलेला असतो. तो हवेहून जड, म्हणून गळला तर जमिनीलगत साठतो. नावेवर गॅसची टाकी वेगळ्या खणात ठेवतात आणि खणाच्या तळाला बाहेर जाणारे भोक असते, ते एवढ्यासाठीच. वास आला तर दिव्याचे बटन चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

काही घरांत अजून तांब्याचा बंब आहे. माझ्याही आहे. तो मोकळ्या जागेत पेटवावा, रिकामा कधी पेटवू नये. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी अशी त्याची रचना. पाणी नसले की डाक वितळते आणि बंब गळू लागतो. म्हणून आधी पाणी, मग जाळ. राख रोज काढली तर जाळीतून वारा लागतो आणि धूर कमी होतो. विजेच्या गीझरच्या बाजूच्या लहान चावीतून पाणी ठिबकते, म्हणून कोणी तिला बूच मारतात. तसे करू नये. आतला दाब वाढला की सोडून देण्यासाठीच ती चावी असते. आणि बादलीत सोडायच्या रॉडचे बटन बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नये.

आता नळ. टाकीखाली एक कॉक असतो, तो बंद केला की घरातले सगळे नळ थांबतात. आज घरी गेल्यावर तो शोधा. महिन्यातून एकदा बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर क्षार धरून तो जाम होतो आणि गरजेच्या वेळी फिरत नाही. आमचा नळ थेंबथेंब गळायचा. एकदा रात्री दहाला खाली तपेली ठेवली, सकाळी सहाला मोजले तर दीड लिटर पाणी. म्हणजे दिवसाला साडेचार लिटर, महिन्याला एकशेपस्तीस. काळम्मावाडीहून सुमारे ५३ किलोमीटर नळ टाकून नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी शहराजवळ आणले, ते मोरीत सोडण्यासाठी नव्हे.

दुरुस्ती अवघड नाही. कॉक बंद करावा, नळ सोडून उरलेले पाणी जाऊ द्यावे. नळाच्या डोक्यावर फडके गुंडाळून पान्याने फिरवावे, म्हणजे चकाकी जात नाही. जुन्या पितळी नळात आत वायसर असतो, तो झिजलेला काढून तेवढाच नवा घालावा. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांना वायसर नसतो, त्यांची आतली स्पिंडल बदलावी. जोडातून गळत असेल तर टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेने घट्ट गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर बसविताना सुटून येते. मी पहिल्यांदा उलटीच गुंडाळली होती!

मोटारीचे दोनच नियम सांगते. हौदात पाणी नसताना ती चालवू नये. पाण्यानेच तिचे सील थंड राहते, कोरडी फिरली की सील जळते. आणि बटन दाबल्यावर नुसती गुणगुणली, फिरली नाही, तर त्याच क्षणी बंद करावी. थांबून ऐकत बसलात तर वायंडिंग जळते. पुष्कळदा दोष कपॅसिटरचा असतो, आणि तो थोडक्यात बदलून मिळतो. मोटार फिरते पण पाणी चढत नाही, तेव्हा हवा धरली असे समजावे आणि वरून पाणी भरावे. रोजच हवा धरत असेल तर हौदातल्या नळीच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह पाहावा. बहुतेक वेळा कचरा अडकलेला सापडतो. हात लावण्याआधी मात्र मेन स्विच बंद.

हे सारे माझ्या उपयोगी पडले ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आले तेव्हा मालक बाहेरगावी अडकलेले. मी मेन स्विच पाडला, गॅसच्या टाक्या माळ्यावर चढविल्या, हौदाचे झाकण घट्ट लावले, पान्याने दोन युनियन आणि चार बोल्ट सोडून मोटार काढली आणि लेकीच्या मदतीने वर नेली. तासाभरात पायरी बुडाली. दूर बसलेल्या वडिलांची मला फार आठवण झाली.

पूर ओसरल्यावर शहराचे पंपही पाण्यात गेलेले, नळ कोरडे, टँकरपुढे रांगा. हौद उपसून, घासून, औषध टाकून घेतला आणि मोटार पुन्हा बसविली. गल्लीत ज्यांच्या मोटारी बुडाल्या होत्या, त्यांतल्या दोघांनी घाईने बटन दाबले आणि दोन्ही जळाल्या. भिजलेली मोटार, भिजलेले बोर्ड वायरमनने तपासल्यावाचून सुरू करू नयेत. त्यात मोटारच जाते असे नाही, माणूसही जाते. २०२१ च्या जुलैत नदी ५६ फुटांवर गेली, तेव्हा गल्लीतल्या पाच घरांच्या मोटारी बायकांनीच आधी काढून ठेवल्या होत्या. मी फक्त पाना फिरवला होता, म्हणजे घरोघरी दिला होता!

मिस्त्रीला बोलावूच नका असे माझे म्हणणे नाही. वायंडिंग, गॅसची जोडणी, विजेचे बोर्ड ही त्याचीच कामे. पण तो येईपर्यंत घर सांभाळायचे ते आपल्याला. म्हणून पाण्याचा कॉक, गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच, या तीन जागा घरातल्या सुनेला, लेकीला आणि शाळेत जाणाऱ्या पोरालाही दाखवून ठेवा. अंधारात हात जाईल इतक्या पाठ करून घ्या.

शेवटी मंडळाला एक विनंती. दर संक्रांतीला आपण हळदीकुंकवात वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे सगळ्यांच्या घरी रग्गड झाले. येत्या संक्रांतीला दोन वायसर आणि टेफ्लॉनची एक गुंडाळी असे वाण लुटावे. मंडळाच्या कपाटात पान्यांचा एक संच ठेवावा, ज्या घरी लागेल तिथे न्यावा आणि परत आणून द्यावा. नळ उघडून दाखवायला मी कोणाच्याही घरी येईन. चहा मात्र पाजावा लागेल.