पहिली रॅकेट घेताय? आधी कोपराला विचारा

गेल्या आठवड्यात नाशिकहून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. वय २२, नवीन नोकरी, दोन महिन्यांपासून टेनिस शिकतेय. म्हणाली, "दादा, सध्या सरांची जुनी रॅकेट वापरते. आता पगार झालाय, स्वतःची घ्यायचीये. तीन लिंक पाठवल्यात, कुठली घेऊ?"

मी लिंक उघडल्या आणि खरं सांगतो, माझं उजवं कोपर आपोआप ठणकायला लागलं. त्यातली एक रॅकेट जवळजवळ तीच होती, जी मी सहा वर्षांपूर्वी घेतली होती. म्हणून आधी ती गोष्ट.

मी लहानपणापासून फेडररचा भक्त. त्यामुळे दुकानात गेल्यावर माझ्या डोक्यात एकच, प्रो लोक वापरतात तसली पाहिजे. काळी, देखणी, हेड छोटं, वजन ३१५ ग्रॅम. ते वजन गटिंगशिवायचं असतं, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. गटिंग झालं की साधारण १५ ग्रॅम आणखी वाढतात. वर मीच हट्टाने पॉलिएस्टरचं गटिंग करून घेतलं, तेही चांगलं कडक. तिसऱ्या महिन्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. मी दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी गॅसवरचं चहाचं पातेलं उचलायला गेलो आणि ते हातातून सुटलं. आई धावत आली. मी २५ वर्षांचा घोडा, आणि मला पातेलं उचलता येईना!

टेनिस एल्बो. हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला तो २००४ मध्ये, सचिनमुळे. त्याला झाला म्हटल्यावर टेनिस कधी न पाहिलेल्या आजीसुद्धा त्यावर बोलायला लागल्या. मला झाला तेव्हा अर्थात कुणी बातमी केली नाही. पाच महिने खेळ बंद. रबर बँडचे व्यायाम, बर्फ, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंची बोलणी.

त्या बाईंनी एक गोष्ट फार छान समजावली. मनगट मागे ओढणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. चेंडूला उशीर झाला, मनगट वाकलं आणि त्या अवस्थेत फटका बसला, की धक्का थेट तिथे जातो. रॅकेट जड असली की नवख्याला उशीर होणारच. आणि आपल्यातले बरेच जण बॅडमिंटन खेळून आलेले असतात, हेही लक्षात घ्या. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची, तिथे मनगटाने झटका मारायची सवय. तोच झटका तुम्ही ३०० ग्रॅमच्या रॅकेटने मारायला गेलात की संपलंच.

मग हलकी म्हणजे चांगली का? तर तेही नाही. अगदी हलकी रॅकेट जोरात आलेल्या चेंडूपुढे थरथरते आणि तो धक्काही हातालाच बसतो. दुकानात दोन-तीन हजारांच्या आसपास मिळते ती अॅल्युमिनियमची रॅकेट घेऊन महिनाभर खेळून बघायला हरकत नाही, पण आठवड्यातून तीन दिवस खेळणार असाल तर ग्रॅफाइटच घ्या. मोठ्या माणसाने पहिली रॅकेट साधारण २६५ ते २८५ ग्रॅमची घ्यावी, गटिंगशिवाय. अंगाने मजबूत असाल तर २९० चालेल. लांबी २७ इंच, त्यात डोकं घालू नका, बहुतेकांची तेवढीच असते. हेड १०० ते १०५ चौरस इंच. हेड मोठं म्हणजे चेंडू मधोमध लागला नाही तरी तो जाळीपलीकडे जातो, आणि सुरुवातीला आपला चेंडू मधोमध लागतच नाही हो.

इथे एक गंमत सांगतो. खुद्द फेडरर कित्येक वर्षं ९० चौरस इंचाच्या हेडने खेळला, आणि २०१४ मध्ये त्यानेच ९७ ची रॅकेट घेतली. म्हणजे देवाला मोठं हेड चाललं, आणि भक्त मात्र दुकानात छोट्यासाठी अडून बसला होता. शिवाय प्रो खेळाडूंच्या हातातली रॅकेट आणि दुकानातली रॅकेट, रंग एकच असला तरी आतून बऱ्याचदा वेगळी असते. त्यामुळे रंगावर जाऊ नका.

आता गटिंग. याबद्दल दुकानात कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते अर्धा खेळ इथेच आहे. पॉलिएस्टर ताठ असतं. जे लोक खूप जोरात स्विंग करतात, टॉपस्पिन मारतात आणि दर थोड्या दिवसांनी तारा तोडतात, त्यांच्यासाठी ते आहे. आपला स्विंग तेवढा वेगवान नसतो, म्हणजे फायदा शून्य आणि धक्का पूर्ण. त्याऐवजी सिंथेटिक गट किंवा मल्टिफिलामेंट मागा, ४८ ते ५२ पौंडांच्या ताणाने. "कडक करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा. ताण कमी असला की चेंडू सहज लांब जातो आणि हाताला मऊ लागतं. आणि तारा तुटेपर्यंत थांबायचं नाही. आठवड्यातून जितके दिवस खेळता, तितक्या वेळा वर्षातून गटिंग बदलायचं, असा एक ठोकताळा आहे. मी दोनदाच बदलतो, कंजूष आहे.

ग्रिपचा आकार मुठीच्या बुडाशी लिहिलेला असतो: एल१, एल२, एल३ वगैरे. एल२ म्हणजे सव्वाचार इंचांचा घेर. फोरहँडला धरतो तशी रॅकेट धरा, आणि बोटांची टोकं व तळहात यांच्यात दुसऱ्या हाताची तर्जनी घालून बघा. बरोबर मावली तर माप ठीक. दोन मापांमध्ये अडकलात तर लहान घ्या, कारण वरून ओव्हरग्रिप गुंडाळून ती जाड करता येते. मोठी ग्रिप तासून लहान करणं जवळपास अशक्य.

जुनी रॅकेट चालेल का, असंही बरेच जण विचारतात. जरूर चालेल, माझी आत्ताची जुनीच आहे. फक्त फ्रेमवर बोट फिरवून तडा आहे का बघा, तारा जिथून आत जातात ती प्लास्टिकची नळकांडी तुटलेली नाहीत ना बघा, आणि घेतल्या घेतल्या गटिंग नवीन करा. लहान भावंडासाठी घेणार असाल तर "पुढे वाढेल" म्हणून मोठ्यांची देऊ नका. १९ पासून २६ इंचांपर्यंत मुलांच्या रॅकेट मिळतात.

तर नाशिककर ताई, तुझ्या तिन्ही लिंक बाद. पहिली जड आहे, दुसरीचं हेड ९५ आहे, आणि तिसरीत वजनच लिहिलेलं नाही, जे मला सर्वांत जास्त खटकलं. सध्या पैसे बाजूला ठेव. क्लबातल्या तीन-चार जणांना त्यांची रॅकेट एकेका तासासाठी माग, लोक आनंदाने देतात. सर्व्ह करून बघ, बॅकहँड मारून बघ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दाबून बघ. सरांची ती जुनी रॅकेट किती ग्रॅमची आहे, तेही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून मला कळव. दोन महिने तिने खेळून हात दुखला नसेल, तर तिच्यासारखीच शोधू. पुढच्या भागात बुटांबद्दल बोलू, कारण त्या बाबतीतही मी एक मोठा घोळ करून ठेवला होता.